एक माणूस ऐकू येतो

प्रणालीचा फोन मूर्तिजापूरला संपला आणि भांडण तिथूनच सुरू झालं.

मार्चमधली रविवारची दुपार. अकोल्याहून अमरावतीला निघालेली एसटी मूर्तिजापूरच्या स्टँडवर उभी होती. ड्रायव्हर चहाला उतरला होता आणि खिडकीशी बसलेली प्रणाली हैदराबादच्या एका कंपनीशी इंग्रजीत बोलत होती. साधंसुधं इंग्रजी नव्हे बरं का. अमरावतीच्या राजापेठेत ती ज्या संस्थेत शिकवायची, तिथे परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणारी मुलं तयार होत, आणि त्या मुलांच्या इंग्रजीतून त्यांचं गाव पुसून काढणं हे तिचं काम. बोलणारा कुठला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, हा तिचा पहिला धडा. स्वतःचं इंग्रजी तर तिनं घासूनपुसून इतकं लख्ख केलं होतं की त्यावर कुणाचं बोट टेकणार नाही, अशी तिची खात्री होती.

फोन ठेवला, आणि मागच्या सीटवरून अगदी हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"तेल्हारा... ना?"

तिनं गर्रकन मान वळवली. चष्मा, विस्कटलेले कुरळे केस, मांडीवर निळी पिशवी, आणि चेहऱ्यावर काहीतरी मोठा शोध लावल्याचा आनंद.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणजे — आधी अकोट वाटलं होतं. पण अकोटची माणसं वाक्याच्या शेवटी आवाजानं अर्धीच वर चढतात. तुम्ही — पूर्ण चढलात. एकदाच, पण पूर्ण."

"तुमाले कोनं इचारलं?"

रागावली की प्रणाली सरळ वऱ्हाडीत उतरायची, तिथे तिचा इलाज चालत नसे. तो हसला.

"आता तर शंकाच उरली नाही."

बडनेरा येईपर्यंत तिनं खिडकीबाहेर पाहिलं. पण पाहत काय होती? डोक्यात एकच घोळत होतं, कुठल्या वाक्यात चढले मी? कारण हैदराबादचा तो फोन काही गप्पांचा नव्हता. कंपनीला सगळ्या प्रशिक्षकांवर एक प्रमुख हवी होती. शेवटच्या निवडीत तिचं नाव आलं होतं. जूनमध्ये परीक्षा. कॅमेरा बंद करून तीन माणसं नुसती ऐकणार, आणि बोलण्यात कुठलीही ढब त्यांना सापडली नाही, तरच जागा मिळणार. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याची मुलगी त्या खुर्चीत बसायची, तर ते तेल्हारा आधी निघायला हवं होतं, आणि हा मागच्या सीटवरचा मनुष्य बसल्याबसल्या ते ओळखून मोकळा झाला होता.

बडनेऱ्याला तिनं हार मानली.

"कुठल्या वाक्यात?" तिनं मान न वळवताच विचारलं.

"सांगतो. पण माझ्या कामाचं तुम्ही — ऐकून घ्याल?"

त्याचं नाव श्रेयस. अमरावतीच्या अंबापेठेतलं वकिलांचं घर, पण हा वकिलीला पाठ दाखवून भाषेच्या मागे लागलेला. अकोल्यात जठारपेठेत खोली घेऊन राहत होता आणि वऱ्हाडातली माणसं इंग्रजी कशी बोलतात, गावागणिक ते कसं बदलतं, आजोबांचं आणि नातवाचं कसं वेगळं होतं, ते रेकॉर्डिंगच्या यंत्रावर टिपत हिंडत होता.

"आणि टिपून करता काय?"

"जपून ठेवतो."

"मी तेच पुसते," प्रणाली म्हणाली. "म्हणजे मी झाडून काढायचं आणि तुम्ही पोत्यात भरून ठेवायचं."

"मग आपलं — जमेल की."

आणि खरंच जमलं. ठरलं असं की तिच्या बोलण्यात गाव कुठे शिल्लक आहे ते त्यानं दाखवायचं, आणि बदल्यात तिनं त्याला तेल्हाऱ्यातली माणसं मिळवून द्यायची. निव्वळ व्यवहार. दोघांनी तसं एकमेकांना दोनदा बजावलंसुद्धा.

पहिल्याच रविवारी तिनं त्याला नत्थुजी सरांकडे नेलं. आख्ख्या तालुक्याला इंग्रजी शिकवून सर निवृत्त झालेले. श्रेयसनं यंत्र लावलं, धडा वाचून घेतला, आणि मग भीतभीतच विचारलं, "सर, वाक्याचा शेवटचा शब्द तुम्ही असा वर का नेता?"

"वर्गावर टिनपत्रे होते ना, बाप्पा," सर म्हणाले. "वरतून कबुतरं नाचत. मांगच्या बाकावर काई आयकू जाये ना. मंग शेवटचा शब्द उचलून फेकाचा, की मांगचं पोरगं दचकून जागं होये."

पोरांना वाटलं, इंग्रजी असंच असतं. ती पोरं मोठी झाली, मास्तर झाली, आईबाप झाली. शाळेवर केव्हाच स्लॅब पडला, कबुतरं उडून गेली, पण तेल्हाऱ्याचं इंग्रजी अजून मागच्या बाकावरच्या पोराला जागं करत होतं. प्रणालीनं इतकी वर्षं ज्या गोष्टीची लाज धरली, ती एका छपराची करणी होती हे तिला त्या दिवशी कळलं. तिला हसू आलं, आणि का कोण जाणे, थोडं रडूही.

सरांची नात पायल तेवढ्यात आत आली. ती मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून बोलायला शिकलेली. सर म्हणत 'कालेज'. त्यांचा बँकेतला मुलगा पुण्याच्या लोकांसारखं 'कॉलेज' म्हणे. आणि पायल पुन्हा 'कालेज'.

"पाहा, नात माह्यावर गेली," सर खूश झाले.

"नाही सर, ही — अमेरिकेवर गेली," श्रेयस म्हणाला, आणि सगळेच हसायला लागले.

दुपारी तो प्रणालीच्या घरी जेवला. तिचे वडील खुशालराव त्याला नीट न्याहाळत होते. आई, वच्छलाबाई, ताटात भाकरीमागून भाकरी टाकत होती. "पोरगं बोलते चांगलं," खुशालराव नंतर त्याच्या देखतच प्रणालीला म्हणाले, "पन मधातच थांबते कावून? आमाले वाटते घास अटकला."

त्यांचं काही चूक नव्हतं. श्रेयस महत्त्वाच्या शब्दाआधी किंचित थांबायचा, आणि मग तो शब्द खाली, हलकेच ठेवायचा. मराठीत तसाच, इंग्रजीत तर जास्तच. "तुम्ही बोलता की कोर्टात जबानी देता?" प्रणालीनं त्याला एकदा विचारलं होतं, आणि "मी? मी कुठे थांबतो?" म्हणून तो खरोखरच चकित झाला होता.

एप्रिल लागला. तेल्हाऱ्याहून परतताना ती दर रविवारी अकोल्याला उतरू लागली. जठारपेठेतल्या त्याच्या खोलीत सराव, दार सताड उघडं, आणि बाहेर ओसरीत घरमालकीण विमलकाकू कैऱ्या चिरत बसलेल्या. त्यांचं लक्ष कैऱ्यांवर कमी आणि दारात जास्त.

आता अकोल्याचा उन्हाळा काय चीज आहे ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. पण यंत्राला कूलरची घरघर चालत नाही. त्यामुळे तो कूलर बंद करायचा, पंखा बंद करायचा, आणि मग दोघं समोरासमोर बसून, घामानं निथळत, शुद्ध इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारायची. तिच्या कानामागून घामाचा एक थेंब निघाला की त्याचा चष्मा वाक्य सोडून त्या थेंबाच्या मागे जायचा.

"लक्ष कुठंय तुमचं?"

"ऐकतोय."

"डोळ्यांनी?"

मग त्यानं उठून उगाचच खिडकी नीट करायची, आणि ओसरीतून काकूंनी खाकरायचं.

एकदा तो म्हणाला, "वाचताना तुम्ही आता पक्क्या झालात. पण वाचताना सगळेच — सावध असतात. खरी ढब कळते ती जीव घाबरा झाल्याची गोष्ट सांगताना. मी सगळ्यांना विचारतो. तुम्ही सांगाल?"

प्रणालीनं कानामागचा घाम पुसला. मग तिनं इंग्रजीतच सांगायला सुरुवात केली. अमरावतीला शिकायला आली तो पहिला आठवडा. सरांनी प्रश्न विचारला, उत्तर तिला येत होतं, ती ताडकन उठून बोलली. आणि वर्ग हसला. उत्तराला नाही, उत्तराच्या शेपटाला. एकानं तिची नक्कल केली, मग दुसऱ्यानं. ती उभीच राहिली, कारण बसायचं कसं तेच तिला कळेना. त्यानंतर ती वर्गात वर्षभर बोलली नाही... सांगता सांगता तिचं एकेक वाक्य वर चढू लागलं, मागच्या बाकापर्यंत, टिनपत्र्यांपर्यंत.

ती थांबली तेव्हा तिनं पाहिलं, यंत्रावरचा लाल दिवा विझलेला होता.

"का बंद केलंत? तेल्हाऱ्याचा इतका अस्सल माल पुन्हा मिळायचा नाही."

"हे मी — घेणार नाही," तो म्हणाला. त्यानं उठून कूलर लावला, आणि वाळ्याचा ओला वास त्या तापलेल्या खोलीत पसरला. प्रणालीला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते या माणसाच्या समोर वाटलं याची तिला जरा भीतीच वाटली.

मे महिना सरावातच सरला. ती सुधारत गेली तसा हा मात्र उतरत गेला. शेवटच्या रविवारी तर तिनं अर्धा तास न अडखळता बोलून दाखवलं, आणि त्यानं मयताला आल्यासारख्या चेहऱ्यानं सांगितलं, "एकदाही वर गेलं नाही. अभिनंदन."

"मग तोंड असं का?"

"कसं?"

"पीक बुडाल्यासारखं."

तो हसला नाही. "एक चांगला आवाज होता," तो म्हणाला. "मीच तो पुसायला — मदत केली."

प्रणालीला ते लागलं. आवाज. तीन महिने ही सगळी धडपड, ते उन्हातलं बसणं, आणि याला वाईट वाटतंय ते आवाजाचं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमाले मी पायजे, का माह्या आवाजाचा नमुना?"

श्रेयसनं तोंड उघडलं. त्याचं ते नेहमीचं थांबणं सुरू झालं, आणि यावेळी ते संपेचना. ओसरीत विमलकाकूंची विळी थांबली. प्रणालीनं पर्स उचलली, चप्पल घातली, आणि स्टँडचा रस्ता धरला. तो मागून आला, "प्रणाली, ऐका तरी..." म्हणाला, पण ऐकण्याचा धंदा त्याचा होता, तिचा नव्हे.

परीक्षेच्या दिवशी संस्थेच्या एका खोलीत ती एकटीच बसली. पडद्यावर नुसती तीन नावं. प्रश्न विचारणाऱ्या होत्या दामिनी मॅडम, आवाजावरून पन्नाशीच्या, तल्लख. एक उतारा झाला, दोन झाले, मग गप्पा. आवडता पदार्थ, शहर, उन्हाळा. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला इतकं चांगलं कुणी शिकवलं?" आणि प्रणाली त्यांना वऱ्हाडातल्या इंग्रजीबद्दल, छपराबद्दल, कबुतरांबद्दल सांगत सुटली. बोलताना मजा आली तिला. शेपूट मात्र एकदाही वर गेलं नाही.

मग दामिनी मॅडम म्हणाल्या,

"तुमच्या बोलण्यात गाव ऐकू येत नाही. अजिबात नाही. पण एक माणूस ऐकू येतो."

"म्हणजे?"

"मधेच तुम्ही जरासं थांबता, आणि मग महत्त्वाचा शब्द खाली ठेवता. अगदी काळजीपूर्वक, फुटेल म्हणून ठेवावा तसा. पहिल्या फेरीत, मार्चमध्ये, हे नव्हतं. हे पुस्तकातून येत नाही, प्रणाली. रोज कुणाचं तरी मन लावून ऐकलं की येतं. कोण आहे?"

प्रणालीचे कान तापले. बरं झालं कॅमेरा बंद होता. हजार मुलांना तिनं शिकवलं होतं, की माणूस ज्यांच्यात राहतो त्यांच्यासारखा बोलायला लागतो, आणि आपण ज्याला आवडावं असं वाटतं त्याच्यासारखा तर फार लवकर. शिकवलं होतं, आणि स्वतःचंच काय होऊन बसलं ते तिला हैदराबादच्या बाईकडून ऐकावं लागलं.

"तीन आठवड्यांत निघेल ते," मॅडम म्हणाल्या. "आमची अट तुम्हाला माहीत आहे. काढाल ना?"

तिनं किती काय काढलं होतं आजवर. छप्पर काढलं, शाळा काढली, आईच्या हाका काढल्या. प्रत्येक वेळी वाटलं होतं, एवढं निघालं की झालं.

"नाही," ती म्हणाली. "हे मी — ठेवणार आहे."

पलीकडे कुणीतरी हसलं, बहुतेक दामिनी मॅडमच. "मग या जागेचं अवघड आहे. पण आमच्याकडे गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायला शिकवणारं कुणी नाही. ती जागा निघाली तर विचारीन."

विचारतील, न विचारतील. प्रणालीनं बॅग उचलली आणि मिळाली ती अकोल्याची गाडी पकडली.

श्रेयस तिला अकोल्याच्या स्टँडवरच भेटला. बिचारा अमरावतीच्या गाडीची वाट पाहत उभा होता, तिच्याकडेच निघालेला, शर्ट चुकलेल्या बटणांचा. ती समोरून येताना दिसली तशी त्याची निळी पिशवी खांद्यावरून घसरली.

"परीक्षा?"

"माझ्यात एक ढब सापडली," ती म्हणाली. "तेल्हाऱ्याची नाही. म्हटलं तुम्हाला विचारावं, कुठली ते. डोळे मिटा."

"इथे?"

"मिटा."

त्या गर्दीत, शेंगदाणेवाल्याच्या टोपलीशेजारी, त्यानं डोळे मिटले. प्रणालीनं त्याला इंग्रजीत सांगितलं, की परीक्षा छान झाली, जागा बहुतेक गेली, आणि तिला त्याचं फारसं दुःख झालेलं नाही.

"थांबा... पुन्हा बोला," तो म्हणाला. कपाळाला आठी पडली. "ही शहरातली आहे. जुनी. हल्ली — ऐकू येत नाही. अमरावतीचीच वाटते. कोर्टातली. पूर्वी न्यायाधीश जबान्या हातानं लिहून घ्यायचे, म्हणून जुने वकील तुकड्यातुकड्यांनी बोलत. महत्त्वाच्या शब्दाआधी थांबायचं, की साहेबांची लेखणी पोचली पाहिजे. आमच्या आजोबांचं, मोरोपंतांचं, अगदी असंच. पण ते तर गेले. आणि तुम्ही त्यांना कधी... आता असं बोलणारं घर अंबापेठेत एकच..."

डोळे मिटलेलेच होते, पण त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. स्वतःची ढब कुणालाच ऐकू येत नाही, हे तो गावोगाव सांगत फिरला होता. आणि आज ती त्याला पहिल्यांदा ऐकू आली, ती तिच्या तोंडून.

त्यानं डोळे उघडले. "मी घालवली तुमची नोकरी?"

"अर्धी तुम्ही, अर्धी आजोबांनी."

"काढून टाकता आली असती."

"काढायला सांगितली होती. मी नाही म्हटलं."

श्रेयसनं चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू विचारलंस... नमुना मला मेच्या सुरुवातीलाच पुरला होता. तेल्हाऱ्याचं काम तेव्हाच संपलं. नंतरचे सगळे रविवार मी यंत्र नुसतं समोर ठेवायचो. मला तू हवीस, प्रणाली. चढून बोललीस तरी, उतरून बोललीस तरी, भांडलीस तरी."

एवढं सगळं तो कुठेही न थांबता बोलला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते तिनं पुसलं नाही.

"मंग थेच त्या दिवशी सांगाले काय झालं होतं?" ती म्हणाली. "मी किती रडली माईत हाये?"

"घास अडकला होता."

ती हसली, रडतारडताच. फलाटाला तेल्हाऱ्याची गाडी लागत होती, आणि कंडक्टर अकोट-तेल्हारा, अकोट-तेल्हारा ओरडत होता.

"चला," प्रणाली म्हणाली. "आईला सांगितलंय, दोघं येतोय. तिनं वांगी भाजायला घेतली आहेत."

"आधीच सांगितलंस? मी काही बोलायच्या आधी?"

"तुमच्या भरवशावर बसले असते तर वांगी थंड झाली असती. बाबा विचारत होते, पोरगं पाहुना म्हनून येऊन रायलं का जावई म्हनून. मी म्हटलं, त्यालाच विचारा."

श्रेयसनं पिशवी खांद्यावर नीट घेतली, शर्टाची बटणं चुकलेली आहेत हे पाहिलं, ती तशीच राहू दिली, आणि भर स्टँडवर, शेंगदाणेवाल्याच्या, कंडक्टरच्या आणि निम्म्या तेल्हाऱ्याच्या देखत तिचा हात धरून गाडीत चढला.